आधी रेघ, मग पाना

टॉवरवर चढलं की आपल्याला मळमळतं, ही गोष्ट कुणाला म्हणजे कुणालाही कळू द्यायची नाही, असं नवीने पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. आता यात लाजण्यासारखं काय होतं, तुम्हीच सांगा! पवनचक्कीचा टॉवर पोलादाचा असला तरी वाऱ्यात डुलतो, आणि जितकं वर जावं तितका जास्त डुलतो. बोटीत भल्याभल्यांना उलट्या होतात, त्यातलाच हा प्रकार. पण ही पडली डिग्री घेऊन आलेली इंजिनीअर, त्यात मुलगी, त्यात सगळ्यांत लहान. वर जाऊन ओकली असं खाली कळलं की जन्मभर तेच नाव चिकटणार, ही तिला धास्ती. एक नाव तर आधीच चिकटलेलं होतं. नोकरीला वर्ष होत आलं होतं, तिच्यामागून आणखी दोघं रुजू झाले होते, तरी 'नवी' म्हणजे तीच. म्हणून ती सकाळी जवळजवळ उपाशी निघायची, खिशात लिंबाच्या गोळ्या आणि एक प्लास्टिकची पिशवी ठेवायची, आणि कुणी विचारलंच तर "ॲसिडिटी" म्हणून मोकळी व्हायची.

तिची जोडी लावली होती कानसेनकाकांशी. हेही काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. काका जुने तंत्रज्ञ, तिचे वडील शोभतील अशा वयाचे. गाण्याच्या नावाने आनंद, पण यंत्राचा कान असा की कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते शिडीवरूनच सांगायचे. तानसेन नाही तर नाही, कानसेन तरी आहे, असं कुणीतरी थट्टेत म्हटलं, आणि ते त्यांना इतकं आवडलं की फोन उचलून ते स्वतःच "हां, कानसेन बोलतोय" म्हणायला लागले.

त्यांचं काम समजायला सोपं आहे. टॉवर म्हणजे एकावर एक उभे केलेले अजस्र पोलादी नळे. दोन नळे जुळतात तिथे आतल्या बाजूने एक गोल कडं असतं आणि त्या कड्यात सभोवार बोल्ट, एकेक मनगटाएवढा. ठरावीक काळाने हे सगळे पुन्हा आवळून बघायचे. पाना पंपावर चालतो. एकाने पाना धरून बटण दाबायचं. बोल्ट पुरता आवळला गेला की पंपाचा आवाज जडावतो, आणि पाना धरणारा ओरडतो, "बसला!" मग दुसऱ्याने पांढऱ्या रंगाच्या पेनने नटावरून कड्यावर एक सरळ रेघ ओढायची. जुन्या रेघा आधीच पुसलेल्या, म्हणून रेघ दिसली की कुणीही समजावं, हा झाला. पुढे कधी नट सैल होऊन फिरला तर रेघ मोडलेली दिसते.

"रेघ म्हणजे साक्ष आहे बरं का," काकांनी पहिल्याच दिवशी तिच्या हातात पेन देताना सांगितलं होतं. "माझ्या डोळ्यांदेखत आवळला, असं तू सांगतेस. आधी पाना, मग रेघ. बाकी काय चुका करायच्या त्या कर, मी बसलोय निस्तरायला. पण ही नको."

तिने मान डोलावली होती. कळलं नव्हतं अशातला भाग नाही. चांगलं कळलं होतं, म्हणून तर पुढचं सगळं इतकं जिव्हारी लागलं.

त्या दिवशी दोघं सगळ्यांत वरच्या जोडापाशी होते. वारा सकाळपासून पिसाळला होता. टॉवर एका बाजूला जायचा, क्षणभर थबकायचा, मग सावकाश परत यायचा, आणि त्याच्या मागोमाग नवीचं पोट. अर्धं कडं होतंय न होतंय तोच वॉकीटॉकी खरखरला. पोलादाच्या नळ्यात आवाज धड पोचत नाही, म्हणून काका शिडीने वरच्या यंत्रघरात गेले, तिथून खाली बोलून वाऱ्याचं काय ते विचारायला. "इथेच बस," एवढं सांगून गेले.

नवी एकटी राहिली. पिशवीत एकदा पोट रिकामं करून झालं. तोंड पुसलं, पिशवीला गाठ मारून ती बॅगेच्या तळाशी दडवली. आणि मग तिला ती अवदसा आठवली.

एकेका बोल्टासाठी खाली वाकलं की पोट उसळत होतं. काका येईपर्यंत पुढच्या बोल्टांवर आत्ताच रेघा ओढून टाकल्या, तर ते नुसते आवळत जातील, आपल्याला भिंतीला टेकून बसता येईल आणि सुटका लवकर होईल. आवळायचे तर आहेतच ना? मग रेघ जरा आधी काय नि नंतर काय! इतके दिवस बसलेले नट पान्याखाली फारसे हलतही नाहीत, म्हणजे रेघ मोडायचीही भीती नाही. आधी कळस मग पाया, पण पोट ढवळत असताना माणसाला स्वतःचीच बाजू फार पटते. तिने दहाबारा बोल्टांवर रेघा ओढल्या. त्या अवस्थेतही छान आल्या, सरळ आणि ठसठशीत.

काका खाली आले ते घाईतच.

"वारा चढतोय. साहेब म्हणतात, उरका आणि उतरा."

त्यांनी पाना उचलला, कड्यावरून नजर फिरवली, आणि जिथे रेघा संपत होत्या त्याच्या पुढच्या बोल्टावर पाना बसवला. बटणावर अंगठा ठेवला. आणि थांबले.

"आपण त्या केबलच्या क्लिपपाशी थांबलो होतो ना गं?"

क्लिप दहाबारा बोल्ट मागे राहिली होती. बरोबर तिथेच थांबले होते ते.

नवीने तोंड उघडलं होतं, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. सांगणारच होती. पण सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? रेघा का ओढल्या, तर वाकवत नव्हतं. वाकवत का नव्हतं, तर उलटी होत होती. किती दिवसांपासून, तर पहिल्या दिवसापासून. एका धाग्याला हात लावला की अख्खा स्वेटर उसवणार. आणि काकांनी एकच चूक करू नको म्हणून बजावलं होतं, नेमकी तीच. तोंडाला पुन्हा कडू पाणी सुटलं.

"नाही काका," ती म्हणाली. "पुढे आलो होतो आपण."

"असं?"

"हो. रेघा आहेत की."

काकांनी रेघांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "असेल बाबा," म्हणाले, आणि बटण दाबलं.

झालं. एवढंच. गुन्हा म्हणावा तर थोडासा पांढरा रंग आणि चार शब्द. कडं पुरं झालं, दोघं उतरले, खाली आल्यावर काकांनी तिला स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला. "रंग उडालाय तुझा. जरा खात जा सकाळी," म्हणाले. तिने तो चहा प्यायला, आणि दुसऱ्या दिवशी पवनचक्की सुरू झाली.

ते पुढचे आठवडे तिने कसे काढले, तिचं तिला ठाऊक. एखाददुसरा बोल्ट ढिला राहिला म्हणून टॉवर कोसळत नाही, हे तिला गणिताने माहीत होतं. पण एका ओळीत दहाबारा, एकाच बाजूला, आणि त्यात वादळ आलं तर? हे गणित करायला ती बसायची आणि अर्ध्यातून उठायची. फोनवर दर तासाला वाऱ्याचा अंदाज बघायची. एकटीने वर जाऊन गुपचूप आवळून यावं म्हणावं, तर टॉवरवर एकट्याने चढायची परवानगी नसते. उद्या सांगू, म्हणायची. उद्या आला की काका समोर हसत उभे असायचे आणि ती पुन्हा उद्यावर ढकलायची.

ती थोरल्या बहिणीकडे राहत होती. ताई एका दवाखान्यात रिसेप्शनवर, दिवसभर दुसऱ्यांचे चेहरे वाचून घरी यायची.

"काय गं, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून फिरतेस? कुणाच्या प्रेमातबिमात पडलीस की काय?"

"काहीतरीच काय, ताई!"

"मग ऑफिसात भांडलीस."

"नाही गं बाई. दमलेय."

"दमलेला माणूस झोपतो. तू रात्रभर कूस बदलतेस आणि माझी झोप उडवतेस." ताईने तिच्या ताटात आणखी एक पोळी टाकली. "सांगायचं नसेल तर नको सांगूस. पण पोटात ठेवलेलं पचत नाही, एवढं लक्षात ठेव."

पोटाचं नाव काढल्याबरोबर नवी ताटावरून उठली.

मोठं काम झालं की काही आठवड्यांनी दुसरी जोडी येऊन मधले मधले बोल्ट तपासून जाते, अशी तिथली पद्धत. त्या जोडीने वरच्या जोडातला एक बोल्ट धरला, तर नट पान्याखाली खुशाल फिरला आणि पांढरी रेघ मोडली. शेजारचा धरला, तोही तसाच. मग त्यांनी अख्खं कडंच पुन्हा आवळून काढलं. वादळ आलं नाही, टॉवरला धक्का लागला नाही, यंत्राला काही म्हणजे काही झालं नाही. बातमी ऐकून नवीचा जीव भांड्यात पडला. सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. आता अशा वेळी सुटकेचा श्वास टाकणाऱ्या माणसाला काय म्हणावं! पण टाकला तिने.

मग साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब म्हणजे साईटचे मुख्य. ओरडणारे नव्हते, पण प्रश्न विचारून गप्प बसायचे, ते ओरडण्यापेक्षा वाईट.

"रेघा आहेत. बोल्ट आवळलेले नाहीत. कसं काय?"

आता आपल्याला विचारतील, मग सांगूनच टाकू, असं नवी मनाशी म्हणत होती, तोवर काकाच बोलले.

"साहेब, ही पोरगी माझ्या शब्दावर रेघ मारते. मी 'बसला' म्हटल्याशिवाय हिचा पेन हलत नाही. म्हणजे मीच म्हटलं असणार. चूक माझी."

साहेबांनी नवीकडे पाहिलं. काकाच असं म्हणतायत म्हटल्यावर तिला कुणी काही विचारलंच नाही. तीही खाली बघत राहिली.

बाहेर आल्यावर काकांनी तिला पॅसेजमध्ये थांबवलं. आवाज अगदी हळू.

"तुला काही आठवतं का गं त्या दिवशीचं? मला लख्ख आठवतंय, आपण क्लिपपाशी थांबलो होतो. तू म्हणालीस पुढे आलो होतो, आणि रेघाही होत्या. मग मधले बोल्ट मी कधी धरले? मला त्यातलं काहीच आठवत नाही बघ. कोरी पाटी."

दुसरी संधी पायाशी चालत आली होती.

"मलाही नीट नाही आठवत, काका," नवी म्हणाली.

आधी सगळ्यांना वाटलं, कान गेले असतील. पंपाचा आवाज जडावला नाही तरी काकांना जडावल्यासारखा वाटला असेल. साहेबांनी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. कान ठणठणीत निघाले, तरण्याताठ्या माणसाला हेवा वाटावा असे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, जीपच्या ड्रायव्हरने "कानसेन झिंदाबाद" केलं. काका तेवढे हसले नाहीत. कान शाबूत, तर मग गेलं काय?

काकांची आई याच वयात विसरायला लागली होती. आधी दूध उतू जायचं, मग किल्ल्या हरवायच्या, आणि शेवटी शेवटी पोटच्या मुलाला ती विचारायची, "कोण हो तुम्ही? कुणाकडे आलात?" हे काकांनी साहेबांना स्वतःहून सांगितलं आणि स्वतःहूनच वर चढणं सोडलं. "वर गेलं की जोडीदाराचा जीव माझ्या डोक्याच्या भरवशावर असतो," म्हणाले. "आणि डोक्याचाच भरवसा उरला नाही." साहेब नको नको म्हणत होते, पण ते ऐकेनात. मग त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, हातमोजे आणि दोऱ्या द्यायला.

नवीला नवा जोडीदार मिळाला. एके सकाळी ती हातमोजे घ्यायला स्टोअरमध्ये गेली. काकांनी फळीवरून जोडी काढून तिच्या हातात दिली. मग विचारलं, "हातमोजे दिले ना मी तुला?"

"हो काका. हे काय."

"हां, हां. बरोबर."

ती जीपमध्ये जाऊन बसली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, तोच काका स्टोअरमधून धावत आले. धावत! धाप लागलेली.

"अगं, हातमोजे? दिल्याचं आठवतंय, पण खरंच दिले होते का मी?"

तिने हात वर करून दाखवले. काकांनी मान हलवली आणि ओशाळं हसले. पूर्वी यंत्राची खोडी सापडली की जो माणूस छाती काढून चालायचा, तो आता भिंतीच्या कडेकडेने परत गेला.

"वय झालं बिचाऱ्याचं," ड्रायव्हर गेटमधून गाडी काढत म्हणाला. "स्कूटर चालवणंसुद्धा सोडलंय म्हणे. काकू बसमध्ये बसवून देतात. चालायचंच."

"काही झालेलं नाही त्यांना!" नवी इतक्या जोरात ओरडली की ड्रायव्हरने ब्रेक मारला. "काहीही झालेलं नाही!"

आणि मग तिला कळलं की हे वाक्य आपण जिथे बोलायला हवं होतं तिथे सोडून सगळीकडे बोलू शकतो.

रविवारी सकाळी ती काकांच्या घरी गेली. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. काकूंनी दार उघडलं आणि तोंड भरून हसल्या.

"ये ये! अगंबाई, किती वाळलीस! अहो, बघा कोण आलंय. तुमची इंजिनीअर."

बसायला स्वयंपाकघरातच बोलावलं, घरचंच माणूस म्हणून. चहा झाला. नवीची नजर मात्र भिंतींवरून फिरत होती. गॅसच्या वर काकांच्या अक्षरात चिठ्ठी, "बंद केला?" नळाजवळ एक. दाराच्या आतल्या बाजूला एक, "किल्ली घेतली?" काका समोर बसले होते, दाढी वाढलेली, आणि ती पाहते आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

"काळजी घेतलेली बरी," म्हणाले. "आईच्या वेळी आम्ही उशीर केला."

चहा अर्धा पिऊन झाला होता. नवीने कप खाली ठेवला.

"काका, तुम्ही काही विसरला नव्हतात."

"हं?"

"आपण क्लिपपाशीच थांबलो होतो. तुम्ही वर गेलात तेव्हा पुढच्या रेघा मी ओढून ठेवल्या. आधीच. मला उलट्या होत होत्या, वाकवत नव्हतं, म्हणून. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. साहेबांसमोर गप्प बसले. नंतर पॅसेजमध्ये विचारलंत, तेव्हाही खोटंच बोलले."

एका दमात बोलली. थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

काकांनी खुर्ची पुढे ओढली.

"क्लिपपाशी?"

"क्लिपपाशीच."

"मधल्या बोल्टांना मी पानाच लावला नव्हता?"

"नाही."

"म्हणजे मला आठवत नाही, कारण..."

"कारण आठवायला काही घडलंच नव्हतं, काका."

काकांनी मांडीवर अशी थाप मारली की कप हलले. "अगं ऐकलंस का!" ते काकूंवर जवळजवळ ओरडलेच. "मी विसरलो नव्हतो! घडलंच नव्हतं गं ते! बरोबर क्लिपपाशी, मी म्हणत होतो की नाही तुला? म्हणत होतो की नाही?" ते उठले, गॅसवरची चिठ्ठी ओरबाडून काढली, नळाजवळची काढली, आणि हसायला लागले. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, ते त्यांनी सदऱ्याच्या बाहीने पुसलं, तरी येतच राहिलं. नवीही रडत होती. तिला वाटलं, चला, सगळं धुऊन निघालं. इतकं सोपं होतं तर आपण आधी का नाही आलो?

काकू ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

"तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"त्याच दिवसापासून, काकू."

"म्हणजे कान तपासायला गेलो तेव्हाही माहीत होतं."

"हो."

"रात्री उठून हे नातवंडांची नावं म्हणत बसतात. एकामागून एक. आठवतात का बघायला. मी झोपल्याचं सोंग करते."

"काकू, हे मला खरंच माहीत नव्हतं..."

"ते नसेल माहीत. पण यांना काही झालेलं नाही, एवढं माहीत होतं ना? जगात एकटीला तुला माहीत होतं."

काकू पुढे आल्या, नवीसमोरचा अर्धा चहाचा कप उचलला, मोरीत ओतला आणि विसळून ठेवला. मग ओट्यावरचा स्वतःचा फोन उचलून तिच्या पुढ्यात ठेवला.

"लाव साहेबांना. आत्ता. माझ्यासमोर."

"अगं, राहू दे, रविवार आहे," काका म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा."

नवीने फोन लावला. काकूंनी स्पीकर सुरू केला. तिने तेच सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना उलट्यांचं कारण तिने गाळलं, कारण ते आता तिलाच फार किरकोळ वाटायला लागलं होतं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्या आधी माझ्याकडे ये. पुढचं ठरेपर्यंत वर चढायचं नाही. काका आहेत तिथे?"

"आहे साहेब!" काका फोनवर वाकले. "माझा चढायचा पट्टा काढून ठेवायला सांगा. स्टोअरमध्ये नवीन माणूस बघा."

फोन ठेवल्यावर नवी उठली. काकू तिच्याकडे पाठ करून तांदूळ निवडायला बसल्या होत्या. "येते काकू," म्हटलं, त्याला उत्तर आलं नाही. काका मात्र तिला सोडायला जिन्यापर्यंत आले. चप्पल न घालताच.

"उलटीचं आधी नाही का सांगायचं, वेडे?" ते म्हणाले. "मी पहिल्या वर्षी डोक्यावरच्या हेल्मेटमध्ये ओकलोय. खाली येऊन तेच पुन्हा घालून चाललोय. विचार कुणालाही."

नवी हसली, आणि हसल्याची तिला लाज वाटली. पण त्या हसण्याने थोडा धीर आला, आणि जे विचारायचं म्हणून ती सकाळपासून मनाशी घोळवत होती, ते तिने विचारलं.

"काका, साहेबांनी मला ठेवलं तर... आपली जोडी..."

"ठेवतील. नाही ठेवत म्हणाले तर मी भांडेन. एका चुकीसाठी माणूस काढत नाहीत." काकांनी कठड्यावर हात ठेवला. "जोडी नाही पण."

"रागावलात."

"राग अजून आलेलाच नाही. येईल एकदोन दिवसांत, तेव्हा समोर येऊ नकोस." ते असंच म्हणाले, अगदी हवापाण्यावर बोलावं तसं. "रागाचं नाही गं ते. मला लख्ख आठवत होतं. क्लिप डोळ्यांसमोर दिसत होती. तू नाही म्हणालीस, तेव्हा मी माझं डोकं खोटं ठरवलं आणि तुला खरं मानलं. इतके दिवस तेच करत राहिलो. आता वर गेल्यावर तुला खरं मानता येणार नाही मला. मनात आणलं तरी येणार नाही."

नवीने नुसती मान हलवली.

"सांभाळून उतर," काका म्हणाले, "खालच्या पायऱ्या ओल्या आहेत." आतून काकूंनी हाक मारली, तसे ते "आलो" म्हणून वळले आणि दार लावून घेतलं.